सरहद्दीवरचा पूर्वज: अमेरिकेतल्या जुन्या वसाहतकाराचा वंशवृक्ष कसा काढावा

आमच्या विहीणबाई मिसूरीच्या. त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य चालत आलंय: ‘आम्ही डॅनियल बूनचे.’ मुलाच्या लग्नात हे पहिल्यांदा कानावर पडलं, तेव्हा बून कोण हे मला माहीत नव्हतं. मग वाचलं. १७७५ साली कंबरलँड खिंडीतून केंटकीत वाट पाडणारा, बूनसबरोची गढी वसवणारा, म्हातारपणी मिसूरीत जाऊन १८२० साली तिथेच वारलेला माणूस. मी एकतीस वर्षं भूकरमापक म्हणून काढली. कुणी ‘हे आमचं’ म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न कागदाचा येतो. नातू झाल्यावर विहीणबाईंना विचारलं, ‘आपण कागद शोधूया का?’ त्या आनंदाने तयार झाल्या आणि आमचं काम सुरू झालं.

आज अनेक मराठी घरांत अशी अमेरिकन सोयरीक आहे. मुलांचा अर्धा वंशवृक्ष आपल्याकडच्या कुळवृत्तांतात किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत मिळतो, उरलेला अर्धा व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी, ओहायोच्या दप्तरांत असतो. तो कसा काढायचा ते मी शिकलो त्या क्रमाने सांगतो. उदाहरण बून घराण्याचंच घेतो. त्याच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे तुम्हाला प्रत्येक पायरी पडताळून बघता येईल.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. सरहद्दीवरच्या, म्हणजे गोऱ्यांची वस्ती पुढे सरकत होती त्या कडेच्या मुलखातल्या माणसाचा जन्मदाखला नसतो. केंटकीत जन्म-मृत्यूची राज्यभर नियमित नोंद १९११ पासून सुरू झाली, मिसूरीत १९१० पासून. त्याआधीचा माणूस शोधायचा तो जमिनीतून. त्याने जमीन मागितली, मोजून घेतली, विकली, वाटून दिली आणि तिच्यापायी कोर्टात भांडला. ज्याला सातबारा आणि फेरफार वाचता येतो त्याला हे दप्तर परकं वाटत नाही.

पहिली पायरी: आपल्यापासून मागे जा

प्रसिद्ध माणसापासून खाली उतरायचा मोह होतो. तो टाळा. नातू, त्याची आई, आईची आई, असं एकेक पिढी मागे जा आणि प्रत्येक दुव्याला ‘हा याचा मुलगा’ असं सांगणारा कागद लावा. दुवा तुटला की तिथेच थांबा.

घरातल्या घरात बरंच मिळतं. जुनं कौटुंबिक बायबल असेल तर आधी ते काढा. जुना आणि नवा करार यांच्या मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं, मृत्यू लिहायची तिथे रीत होती. त्या पानांचे फोटो काढताना छपाईचं साल असलेल्या पहिल्या पानाचाही फोटो घ्या. बायबल १८५० साली छापलेलं असेल आणि त्यात १७९० चे जन्म एकाच शाईत, एकाच हातात लिहिलेले दिसले, तर ती नोंद साठ वर्षांनी आठवून केलेली आहे. ती टाकून देऊ नका, पण तिचं वजन तेवढंच धरा.

प्रसिद्ध घराण्याचा दावा असेल तर सोपी चाळणी आधीच लावता येते. डॅनियल आणि रिबेका ब्रायन यांचं लग्न १७५६ साली झालं, त्यांना दहा मुलं झाली. मुलगे सहा. थोरला जेम्स १७७३ मध्ये कंबरलँड खिंडीच्या वाटेवर मारला गेला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. इस्रायल १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत पडला, विल्यम तान्हेपणीच गेला. ‘बून’ हे आडनाव डॅनियलपासून खाली आलं असेल तर ते डॅनियल मॉर्गन, जेसी ब्रायन आणि नेथन या तिघांपैकी एकाकडूनच आलेलं असणार. मुलींचा वंश वेगळा, तो सुझाना, जमायमा, लेव्हिना आणि रिबेका यांच्या सासरच्या आडनावांनी चालतो.

मी सुरुवातीला ही चाळणी लावली नाही. इंटरनेटवर कुणीतरी लावलेला एक सुंदर, पानंच्या पानं भरलेला वंशवृक्ष सापडला, त्यात इस्रायल बूनची मुलं दाखवून ती थेट विहीणबाईंच्या पणजोबांपर्यंत आणली होती. दोन महिने मी त्यावर काम केलं. मग लक्षात आलं की इस्रायल दोन आहेत. एक डॅनियलचा मुलगा, दुसरा डॅनियलचा थोरला भाऊ. भाऊ १७५६ साली वारला आणि त्याच्या जेसी आणि जोनाथन या पोरक्या मुलांना डॅनियल-रिबेकाने आपल्या घरात वाढवलं. झाड लावणाऱ्याने काका-पुतण्या एक केले होते. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी पायरी: जनगणनेची शिडी

१९५० पासून मागे या. बहात्तर वर्षांच्या नियमामुळे १९५० ची शिरगणती २०२२ मध्ये खुली झाली, तीच सध्या सर्वांत अलीकडची. दर दहा वर्षांनी एक पायरी. १९०० मध्ये जन्माचा महिना आणि साल मिळतं, शिवाय बाईला मुलं किती झाली आणि त्यातली किती हयात आहेत तेही. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांची जन्मराज्यं लिहिलेली असतात. १८९० ची पायरी जवळजवळ नाहीच, ती कागदपत्रं वॉशिंग्टनमध्ये १९२१ साली लागलेल्या आगीत गेली. १८५० पर्यंत प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्मराज्य मिळत राहतं.

त्याच्या मागे दरवाजा बंद होतो. १७९० ते १८४० फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकी घरातली माणसं वयोगटाच्या रकान्यांत आकड्यांनी. ‘दहा वर्षांखालचे मुलगे ३, सोळा ते सव्वीस १, बायका...’ असं. तरी हे आकडे फेकून देऊ नका. तुम्ही बायबलवरून जी मुलं मांडली ती या रकान्यांत बसतात का, हे बघायला ते फार कामाचे आहेत. केंटकीची १७९० आणि १८०० ची जनगणना मात्र हाती नाही. तिथे कराच्या याद्या वापरायच्या, त्याबद्दल पुढे सांगतो.

सगळं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. खातं उघडायला ईमेल पुरतो. ॲन्सेस्ट्री पैसे घेते, पण अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत ती मोफत वापरता येते. आमच्या विहीणबाई तिथेच जाऊन बसायच्या.

तिसरी पायरी: माणूस हलला नाही, काउंटी हलली

नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो. आपल्याकडे तालुका तुटून नवा तालुका झाला की जुने फेरफार मूळ तालुक्याच्या अभिलेख कक्षात शोधावे लागतात. तिथे हेच काउंटीचं होतं आणि सरहद्दीवर ते फार झपाट्याने झालं.

बूनचंच बघा. १७३४ साली तो पेनसिल्व्हेनियातल्या ज्या जागी जन्मला ती आज बर्क्स काउंटीत आहे. पण बर्क्स काउंटी १७५२ मध्ये झाली. जन्मावेळी तो भाग फिलाडेल्फिया काउंटीत होता. १७५० च्या सुमारास घर नॉर्थ कॅरोलायनात यॅडकिन नदीकाठी गेलं. तिथे १७५३ मध्ये रोवन काउंटी झाली, पुढे १८३६ मध्ये तिच्यातून डेव्ही निघाली. त्याच्या आईवडिलांच्या कबरी आज डेव्हीतल्या मॉक्सव्हिलला आहेत, पण त्यांच्या काळचे कागद रोवनचे. बूनसबरोची जमीन आधी व्हर्जिनियाच्या फिनकॅसल काउंटीत, १७७६ च्या अखेरीस नव्या केंटकी काउंटीत, १७८० मध्ये तिचे तीन तुकडे झाल्यावर लिंकनमध्ये आणि पुढे मॅडिसनमध्ये. १७९२ मध्ये तर केंटकी व्हर्जिनियापासून वेगळं झालं, राज्यच बदललं. ओसरीवरून न हलता माणूस चार काउंट्या आणि दोन राज्यं राहून घेतो.

म्हणून प्रत्येक पूर्वजाच्या गावासाठी एक छोटी पट्टी करा: साल आणि त्या सालची काउंटी. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाचा काउंटी सीमांचा ऐतिहासिक नकाशासंग्रह याला सोन्यासारखा आहे आणि मोफत आहे. तारीख टाकली की त्या दिवशीच्या हद्दी दिसतात. कागद कायम त्या दिवशीच्या काउंटीच्या कचेरीत शोधायचा. कचेरी जळालेली असेल तर शेजारच्या काउंट्या, राज्याचं दप्तर आणि वरच्या कोर्टात गेलेल्या दाव्यांच्या नकला बघायच्या.

चौथी पायरी: जमीन

इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण माझा जीव इथे रमला.

अमेरिकेत जमिनीच्या दोन पद्धती आहेत. मूळच्या तेरा वसाहती, शिवाय केंटकी, टेनेसी, व्हर्मांट, मेन, वेस्ट व्हर्जिनिया, टेक्सस आणि हवाई इथे पहिली जमीन राज्याने दिली. बाकीच्या राज्यांत ती केंद्र सरकारने दिली. आपला पूर्वज कुठल्या बाजूचा हे आधी ठरवा, कारण त्यावर कागद कुठे आहे ते ठरतं.

केंद्राच्या जमिनीत १७८५ च्या कायद्याने चौकटी पडल्या. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. पहिल्या मालकाची सनद म्हणजे पेटंट. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ‘जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स’ या संकेतस्थळावर नाव आणि राज्य टाकलं की पेटंटची प्रतिमा मिळते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळवलेला पूर्वज असेल तर पेटंटवर थांबू नका. पाच वर्षं राहिल्याचा पुरावा, साक्षीदार शेजाऱ्यांचे जबाब, बाहेरून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागद, ही सगळी फाइल राष्ट्रीय अभिलेखागारात असते आणि मागवता येते.

केंटकीसारख्या राज्यांत मात्र चौकट नाही. तिथे आपल्या खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखं वर्णन असतं: अमुक ओढ्याच्या तोंडाशी दोन पांढऱ्या ओकांपासून निघून, उत्तरेकडून पूर्वेला चाळीस अंश, एकशेवीस पोल चालत शुगर मेपलच्या झाडापर्यंत, तिथून शेजाऱ्याच्या हद्दीला लागून... पोल म्हणजे साडेसोळा फूट. चार पोलांची ६६ फुटांची गुंटर साखळी. आपली सोळा आण्यांची ३३ फुटांची साखळी तिच्या बरोबर निम्मी, आणि त्या साखळीचा एक चौरस म्हणजे आपला गुंठा. केंटकीचं पहिलं टिपण वाचताना हे लक्षात आलं आणि मी कागद-पेन्सिल घेऊन रात्री दीड वाजता ती हद्द आखली. बंद झाली. अडीचशे वर्षांपूर्वी जंगलात ओढलेली साखळी होती ती.

केंटकीच्या जमिनीला चार कागद असतात आणि चारही मागायचे. पहिला वॉरंट, म्हणजे इतके एकर घेण्याचा हक्क. दुसरा एंट्री, म्हणजे जागा धरल्याची नोंद. तिसरा सर्व्हे, म्हणजे मोजणी. चौथा ग्रँट, म्हणजे सनद. बरेच जण सनद बघून थांबतात. चूक आहे. वंशवृक्षासाठी खरा कागद सर्व्हेचा. त्याच्या तळाशी साखळी धरणाऱ्या दोघांची आणि झाडांवर खुणा करणाऱ्याची नावं लिहिलेली असतात. आमच्याकडे मोजणीच्या दिवशी साखळी कोण धरायचं? मालकाचा पोरगा, भाचा, नाहीतर बांधाशेजारचा. तिथेही बहुतेक तेच. बून स्वतः मोजणीदार होता, त्याने पुष्कळांच्या जमिनी मोजून दिल्या. केंटकीच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर या सनदांचा शोध घेता येतो.

१७७९ चा व्हर्जिनियाचा जमीन कायदाही माहीत असू द्या. १ जानेवारी १७७८ च्या आधी जो येऊन राहिला किंवा ज्याने मक्याचं पीक काढलं त्याला ४०० एकर वसाहतीचे आणि लगतचे १००० एकर आधी विकत घेण्याचा हक्क. हे दावे तपासायला आयोग बसला, त्याने दिलेल्या दाखल्यांत कोण कुठल्या साली आला, कुणी मका पेरला, कोण कुणाचा वारस म्हणून मागतोय हे येतं. सरहद्दीवरच्या कित्येक माणसांबद्दल एवढा जुना दुसरा कागद नसतो.

जमिनींवर एकाच वेळी अनेकांचे दावे पडले, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक. बूनचे केंटकीतले बहुतेक हक्क असेच दाव्यांत गेले. तो १७९९ मध्ये मिसूरीला गेला, तेव्हा तो मुलूख स्पेनचा होता. स्पेनने त्याला १००० आर्पां, म्हणजे सुमारे ८५० एकर दिले. १८०३ मध्ये मुलूख अमेरिकेने घेतला, आयोगाने त्याचा हक्क नाकारला आणि १८१४ मध्ये काँग्रेसने तो परत दिला. माणसाला या फेऱ्यांनी किती त्रास झाला असेल! पण प्रत्येक दाव्यात शेजाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या साक्षी झाल्या, त्यात ‘मी याला अमुक सालापासून ओळखतो, हा माझा मेव्हणा’ असे जबाब आहेत. म्हणून पूर्वज जमीन हरला असेल तर कोर्टाचं दप्तर नक्की बघा.

या जमिनीवर आधी कोण होतं तेही वंशवृक्षाच्या टिपणात लिहा. मार्च १७७५ मध्ये सिकॅमोर शोल्सला रिचर्ड हेंडरसन या जमिनीच्या व्यापाऱ्याने चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या काही प्रमुखांकडून केंटकीचा मोठा भाग विकत घेतल्याचं जाहीर केलं. त्याच रानात शिकार करणाऱ्या शॉनी या दुसऱ्या जमातीला कुणी विचारलं नव्हतं. व्हर्जिनियाने १७७८ मध्ये तो व्यवहार रद्द ठरवला आणि जमीन स्वतः वाटली. ज्या हद्दीवर माझ्या नातवाचे पूर्वज उभे होते ती हद्द अशी आखली गेली, हे त्याला कळायला हवं असं मला वाटतं.

पाचवी पायरी: कराच्या याद्या

थोडक्यात सांगतो. व्हर्जिनियात १७८२ पासून दरवर्षी घरटी कर लावल्याच्या याद्या आहेत, केंटकीतही पुढे तशाच. जनगणना दहा वर्षांनी, ही यादी दरसाल. एखादं नाव वडिलांच्या शेजारी नव्याने आलं तर मुलगा बहुधा एकवीस वर्षांचा झाला. नाव गेलं आणि त्या जागी बाईचं नाव आलं तर नवरा वारला. दोन्ही नावं एकदम गेली तर घर पुढे सरकलं. सलग पंधरा वर्षं एका तक्त्यात मांडा. एकेक नोंद काही बोलत नाही, रांग लागली की घर दिसायला लागतं. अधिकारी कुठल्या तारखेला कुणाच्या दारात गेला हे लिहिलेलं असेल तर एकाच दिवसाची माणसं शेजारची धरा.

सहावी पायरी: मेल्यानंतरचे कागद

मृत्युपत्र मिळालं की सगळं मिळालं असं वाटतं. तसं नसतं. लग्नात वाटा देऊन झालेल्या मुलीचं नाव मृत्युपत्रात येत नाही कधीकधी. मृत्युपत्रच नसेल तर मालमत्तेची यादी आणि लिलावाची यादी बघा. म्हाताऱ्याची कुऱ्हाड, घोडी, चरखा कुणी विकत घेतला? बहुतेक घरच्यांनीच. विधवेला तिसरा हिस्सा, त्याचं वाटप वेगळ्या कागदावर.

माझा आवडता कागद म्हणजे वारसांचं खत. बाप वारल्यावर दहा-पंधरा वर्षांनी सगळी भावंडं आपापले हिस्से एका भावाला लिहून देतात. त्यात लग्न झालेल्या बहिणी नवऱ्यांच्या नावासकट येतात, मिसूरी किंवा इंडियानाला गेलेले भाऊ तिथल्या काउंटीसकट येतात. आपल्या हक्कसोडपत्रासारखंच. एका खतात अख्खी पिढी. हे खत बापाच्या नावावर सूचीत सापडत नाही, पहिल्या वारसाच्या नावावर असतं, म्हणून सगळ्या मुलांची नावं सूचीत शोधा. फॅमिलीसर्चने २०२४ पासून हस्तलिखित खतं आणि मृत्युपत्रं आतल्या मजकुरासकट शोधण्याची सोय केली आहे. सूचीत नसलेली माणसं त्यात सापडतात. मला तिथे साक्षीदार म्हणून सही केलेला माणूस मिळाला आणि एक वर्षाचं अडलेलं काम सुटलं.

काही शब्द फसवतात. त्या कागदांत ‘इन्फंट’ म्हणजे एकवीस वर्षांखालचा कुणीही, वीस वर्षांचा दांडगा जवानसुद्धा. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बाप-लेकच असं नाही, त्या गावातले एकाच नावाचे थोरला आणि धाकटा, कधी काका-पुतण्या. थोरला वारला की धाकटा सीनियर होतो. ‘कझिन’ म्हणजे भाचा-पुतण्याही असू शकतो.

अक्षरांचंही तसंच. जुन्या हातात जोडून येणाऱ्या दोन ‘एस’ मधला पहिला लांब, ‘एफ’ सारखा दिसतो, त्यामुळे ‘जेसी’ हे ‘जेफ्सी’ वाचलं जातं. जे-एन-ओ असं लिहिलं तर ते जॉन. आणि बूनच्या शेवटी ‘ई’ असेलच असं नाही. ‘ई’ नाही म्हणून दुसरं घराणं समजू नका.

सातवी पायरी: चर्च, क्वेकर आणि अकरा दिवस

पूर्वज क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा असेल तर तुम्ही भाग्यवान. बूनचे आजोबा इंग्लंडच्या डेव्हनमधून १७१७ साली पेनसिल्व्हेनियात आले, त्याचे वडील स्क्वायर आधीच, १७१३ मध्ये. सगळे क्वेकर. या पंथाच्या मासिक सभा सगळं लिहून ठेवत: जन्म, लग्न, लग्नाला हजर असलेल्यांच्या सह्या, गाव सोडताना दिलेला दाखला आणि पंथाबाहेर काढल्याचा ठराव. स्क्वायर बूनला १७४८ मध्ये बाहेर काढलं, कारण थोरल्या मुलाने पंथाबाहेर लग्न केलं आणि बापाने चूक कबूल केली नाही. घर दक्षिणेकडे का सरकलं असेल याचं उत्तर शोधताना असा एक ठराव मोठा आधार होतो.

तारखा जपून घ्या. १७५२ मध्ये इंग्रजी मुलुखांनी पंचांग बदललं, अकरा दिवस गळाले. त्याआधी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. क्वेकर महिन्यांना नावं देत नसत, आकडे देत. १७५२ पूर्वीचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च, ‘सातवा’ म्हणजे सप्टेंबर. बूनचा जन्म जुन्या पद्धतीने २२ ऑक्टोबर, नव्याने २ नोव्हेंबर. दोन तारखा दिसल्या म्हणून दोन माणसं करू नका. कागदावर आहे तशीच तारीख उतरवा, बदललेली बाजूला लिहा.

आठवी पायरी: सैनिकांचे जबाब आणि ड्रेपरच्या वह्या

पूर्वज १७६५ च्या आधी जन्मलेला पुरुष असेल तर क्रांतियुद्धाची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पेन्शन शोधा. १८३२ च्या कायद्याने किमान सहा महिने सेवा केलेल्याला पेन्शन मिळाली आणि त्यासाठी कोर्टात उभं राहून ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली: कुठे, कुठल्या साली जन्मलात? वयाची नोंद आहे का? भरती झालात तेव्हा कुठे राहत होता, त्यानंतर कुठे-कुठे राहिलात? निरक्षर म्हाताऱ्याचा अख्खा प्रवास त्याच्या तोंडून मिळतो. विधवांना १८३६ पासून मिळालेल्या पेन्शनमध्ये लग्नाचा पुरावा म्हणून बायबलची फाडलेली मूळ पानं जोडलेली असतात. ती पानं पहिल्यांदा बघितली तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही.

दुसरा खजिना लायमन ड्रेपरचा. हा माणूस १८१५ ते १८९१ जगला आणि सरहद्दीवरच्या म्हाताऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना भेटून, पत्रं लिहून त्यांच्या आठवणी गोळा करत राहिला. १८५१ मध्ये त्याने डॅनियलचा धाकटा मुलगा नेथन आणि त्याची बायको ऑलिव्ह यांच्याकडे बसून सविस्तर टिपणं घेतली. त्या सगळ्या वह्या विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत, त्यांच्या सूक्ष्मफिती अनेक ग्रंथालयांत मिळतात. तुमचा पूर्वज प्रसिद्ध नसला तरी त्याच्या गढीतला कुणीतरी ड्रेपरला भेटलेला असू शकतो. वाचताना एकच विचारायचं: सांगणाऱ्याने हे स्वतः पाहिलं होतं का? नेथन १७८१ चा, बूनसबरोचा वेढा १७७८ चा.

नववी पायरी: एका नावाची पाच माणसं

बूनांत डॅनियल, स्क्वायर, इस्रायल, जेसी, सॅम्युएल ही नावं प्रत्येक शाखेत फिरतात. शिवाय १७८४ मध्ये जॉन फिल्सनने बूनची कहाणी छापल्यावर तो देशभर माहीत झाला, पुढे रक्ताचा काही संबंध नसलेल्या घरांतही मुलांची नावं ‘डॅनियल बून अमुक’ अशी ठेवली गेली. नावावरून नातं ठरवणं इथे चालत नाही.

माणूस वेगळा करायचा तो त्याच्या भोवतालच्या माणसांवरून. एलिझाबेथ शोन मिल्स या संशोधिकेने याला मित्र, संबंधित आणि शेजारी यांचा गट म्हटलंय. सरहद्दीवर कुणी एकटं जात नसे. बून, ब्रायन, कॅलवे, व्हॅन बिबर ही घरं एकत्र सरकली, आपसांत लग्नं केली. साक्षीदार कोण, जामीन कोण, साखळी कुणी धरली, बांध कुणाचा, हे सगळं एका वहीत उतरवा. दोन जेसी असतील तर दोघांचे शेजारी वेगळे निघतात.

डीएनए चाचणीबद्दल सगळे विचारतात. उपयोग आहे, मर्यादेत. पुरुषांच्या वाय गुणसूत्राची चाचणी बून घराणं सांगेल, पण डॅनियलचा वंश की त्याच्या भावाचा हे सांगणार नाही, सगळे भाऊ तेच गुणसूत्र घेऊन आले. साध्या चाचणीत चौथ्या पातळीच्या चुलत भावंडांच्या जवळपास निम्म्या जोड्यांत ओळखण्याइतका समान भाग सापडत नाही. चाचणी आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची करा, त्यांना नीट समजावून आणि त्यांच्या संमतीनेच. अनपेक्षित नाती बाहेर येतात, ती ऐकायची तयारी घरात आहे का हे आधी बोलून घ्या.

शेवटचं काम: लिहून काढणं

प्रत्येक दुव्याखाली लिहा: कुठला कागद, कुठली काउंटी, पुस्तक, पान, तारीख. विरोधी पुरावा असेल तर तोही, आणि तो का बाजूला ठेवला ते कारण. आमचा शोध आता त्या पोरक्या पुतण्यांपैकी एकाच्या शाखेकडे झुकतोय. मधला एक दुवा अजून कागदावर जुळलेला नाही, म्हणून आम्ही तिथे ‘संभाव्य’ लिहून ठेवलंय. जुळला तर ‘आम्ही डॅनियलचे’ या वाक्यामागे डॅनियल-रिबेकाच्या चुलीवर वाढलेलं एक पोर निघेल. विहीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या चाळताना आणखी नावं भेटतात. घोडा, नांगर, पलंग यांच्या मध्ये एखादी बाई आणि तिचं मूल, समोर किंमत. गुलाम म्हणून धरलेल्या या माणसांची नावं १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत नाहीत, तिथे मालकाखाली फक्त वय, लिंग आणि रंग आहे. बहुतेकांचं नाव जनगणनेत पहिल्यांदा येतं ते १८७० साली. त्याआधीचं त्यांचं घर शोधणाऱ्या आजच्या माणसाला तुमच्या हातातला हा कागदच लागणार आहे. पान उलटू नका. प्रत्येक नाव, वय, कुणाची आई, कुणाच्या वाट्याला गेलं, हे पुस्तक-पानासकट उतरवा आणि फॅमिलीसर्चवर मालकाच्या पानाला जोडून ठेवा, म्हणजे शोधणाऱ्याला ते सापडेल. आमच्या वहीत अशी अकरा नावं आहेत.